मालकांचा खटका

माधवनगरला आम्ही ज्यांच्या खोलीत भाड्यानं राहायचो, ते मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. हे आधीच लिहून ठेवते. पुढं लिहिताना मला त्यांचा राग येत जाईल आणि मग हे लिहायचं राहून जाईल.

मालक मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत विजेच्या कामावर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी मिलच्या मागं जागा घेतली, एका ओळीत खोल्या बांधल्या, रस्त्याकडच्या पहिल्या खोलीत आपण राहिले आणि बाकीच्या भाड्यानं दिल्या. बायको साताऱ्याला मुलाकडं असायची. ती इथं का राहात नाही, हे आम्हाला कधी विचारावं लागलं नाही.

खाकी अर्धी विजार, बनियन, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. ह्या वेषात ते भाजी आणायला जायचे, देवळातही जायचे. पण खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांचे हातमोजे. काळे, रबरी, कोपरापर्यंत येणारे. ते घातल्याशिवाय मालक विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावत नसत. स्वतःच्या खोलीतला दिवा लावायचा तरी आधी पाट ठेवायचा, त्यावर उभं राहायचं, मोजे चढवायचे आणि मग बटण दाबायचं. एवढं होईपर्यंत शेजारच्या खोलीत मी दिवा लावून भाकरी थापून मोकळी झालेली असे.

लोक म्हणायचे, फौजेत असताना त्यांची बराक जळाली होती, म्हणून ते असे झाले. एकदा आमच्या ह्यांनी धीर करून विचारलं.

"मालक, तुमच्या बराकीला आग लागली होती म्हणं?"

"कवाच न्हाई," मालक म्हणाले. "मी होतो न्हवं तितं."

माझ्या धाकट्या दिराचं लग्न सांगलीत झालं. ह्यांनी मालकांना पत्रिका दिली. पत्रिका द्यायची रीत असते, पण मालकांनी यायलाच पाहिजे असं काही नव्हतं. ते आले. बूट, शिट्टी आणि पिशवीत मोजे. सगळे लोक नवरानवरीकडं बघत होते, मालक मांडवाच्या मागं गेले. तिथं स्पीकरवाल्यानं फ्यूजच्या बारीक तारेच्या जागी तांब्याची जाड तार पिळून घातली होती.

"ही तार कुणी घातली?"

"मीच. बारीक तार सारखी जळतीया ओ."

"जळायसाठीच असती ती."

"आवं बाबा, आज लगीन हाय. आज कुठं आग लागतीया?"

"आगीला मुहूर्त लागत न्हाई," असं म्हणून मालकांनी मोजे घातले आणि मेन स्विच ओढला.

इकडं मंगलाष्टकं मध्यावर आली होती. स्पीकर बंद पडला. भटजींचा आवाज पुढच्या चार ओळींपलीकडं जाईना. मागच्या लोकांना अक्षता कधी टाकायच्या ते कळेना. काहींनी आधीच टाकल्या, काहींनी बँड वाजल्यावर टाकल्या, काहीजण मुठी तशाच धरून जेवायला बसले. बारीक तार घातल्याशिवाय मालकांनी पानाला हात लावला नाही. तार जाड होती हे खरंच होतं. पण माझ्या सासूबाईंना ते कुणी सांगायचं? पुढं दिराचं आणि जावेचं भांडण झालं की त्या माझ्याकडं बघून म्हणायच्या, "माझ्या पोराच्या डोक्यावर निम्म्या अक्षता पडल्याच न्हाईत. तुमचा मालक!"

जसं काही तो मालक मी माहेराहून, रहिमतपुराहून आणला होता.

आता खटक्याचं लिहिते. आधी आमच्या खोल्यांना साधा फ्यूज होता. मालकांना तो आवडत नसे. ते म्हणायचे, "फ्यूज म्हंजे शहीद. एकदा जळाला, संपला. मग अडाणी लोक त्याच्या जागी खिळा घालत्यात." एका दिवाळीनंतर त्यांनी मिलच्या भंगारातून एक खटका आणला. मागावरच्या मोटारीला असतो तसा. मोटारीला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त वीज ओढली की तो आपोआप पडतो, मोटार थांबते आणि जळायची वाचते. मालकांनी तो सगळ्या खोल्यांवर मिळून एकच बसवला. बसवला त्या दिवशी आम्हा सगळ्यांना अंगणात उभं करून समजावून सांगितलं. आत दोन धातूंची जोडपट्टी असते. वीज जास्त गेली की पट्टी तापते. तापली की वाकते. वाकली की खटका सुटतो.

"हा शहाणा शिपाई हाय," ते म्हणाले. "येळंला मागं सरतो आन् परत हुबा ऱ्हातो."

खटक्याला लोखंडी पेटी केली. पेटीला काळा रंग दिला, चकचकीत. आणि ती बसवली कुठं, तर फाटकाजवळच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. रोज पहाटे मोजे घालून मालक ती पेटी पुसायचे. तिला दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही, हा हुकूम होता.

खटका पडला की मालकांची शिट्टी वाजायची. शिट्टी झाली की प्रत्येक खोलीतल्या एका माणसानं अंगणात ओळीत येऊन उभं राहायचं. ह्याला ते 'फॉलीन' म्हणायचे. मग प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं, माझ्याकडं काय काय चालू होतं. ज्याच्यामुळं खटका पडला त्यानं 'जिम्मेदार मी' म्हणायचं. तोपर्यंत सगळे अंधारात. कुणी 'लाईट गेली' म्हणालं तर मालक ओरडायचे, "गेली न्हाई! थांबवली!"

आमचे हे मिलमध्ये पुष्कळदा दुसऱ्या पाळीला असायचे, त्यामुळं ओळीत मलाच उभं राहावं लागे. चार बाप्यांच्या पुढं उभं राहून मोठ्यानं बोलायचं म्हणजे मला नको व्हायचं. आमच्याकडं होता एक दिवा. 'एक दिवा' एवढंच म्हणायचं. तेही माझ्या तोंडातून फुटायचं नाही.

"ऐकू आलं न्हाई, वैनी."

"एक दिवा."

"मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

मागं कुणी नसायचंच. मागं भिंत होती.

खरोखर ज्यांच्यामुळं खटका पडायचा ते होते चौथ्या खोलीतले मिलचे कारकून. त्यांच्याकडं विजेची शेगडी होती आणि ते ती लपवायचे. एकदा ओळीत त्यांनी "एक दिवा, एक पंखा" म्हणून हात जोडले. मालक त्यांच्याजवळ गेले, नाक वर केलं.

"दूध उतू गेल्याचा वास येतोय."

"स्टोव्हवर ठेवलं होतं, मालक."

"मग राकेलचा वास कुठं हाय?"

कारकुनांनी "जिम्मेदार मी" म्हटलं आणि शेगडी माळ्यावर टाकली. हिवाळाभर मग खटका कधीतरीच पडला.

शिमग्याच्या सुमाराला आमच्या पलीकडच्या खोलीत सुमन राहायला आली. नवरा फौजेत, सरहद्दीकडं. ती आणि तिची शाळेत जाणारी मुलगी. मिलच्या साहेबलोकांच्या बंगल्यावरचे कपडे आणून ती विजेच्या इस्त्रीनं इस्त्री करून द्यायची. त्यावर तिचं घर चालायचं. तिच्या घरच्यांनी बुद्धाचा धर्म घेतला होता. त्यामुळं आडनाव सांगितलं की बऱ्याच ठिकाणी खोली आदल्याच दिवशी गेलेली असायची. आमच्या मालकांनी आडनाव ऐकलं आणि एवढंच विचारलं, "इस्त्री किती वॅटची?" म्हणून मी म्हणते, माणूस वाईट नव्हता.

सुमन आली आणि माझे दिवस बरे आले. तिला कुणाची भीती नव्हती. ओळीत ती माझ्याशेजारी उभी राहायची आणि माझं पण तीच सांगून टाकायची. "वैनींचा एक दिवा. माझा एक दिवा. इस्त्री दुपारीच निवली. आन् माझं डोकं तेवढं तापलंय मालक, ते लोडमदी धरायचं का?" मालकांना ते आवडत नसे, पण हसू आल्यासारखी त्यांची मिशी हलायची.

चैत्र लागला आणि खटका रोज पडायला लागला. दिवेलागणीला सगळ्यांचे दिवे लागले, दोनतीन पंखे सुरू झाले, कारकुनांचा रेडिओ बोलायला लागला की खाट् करून सगळं बंद. शिट्टी. ओळ. आणि विचारपूस होऊन मालक मोजे घालून खटका परत वर करायचे, तेव्हा तो नीट बसायचा. त्यावरून त्यांनी असं ठरवलं की कुणीतरी चोरून काहीतरी लावतंय आणि ओळीत उभं केलं की भिऊन बंद करतंय. आता शेगडी तर माळ्यावर होती. उरली सुमनची इस्त्री.

"सांच्याला इस्त्री लावत न्हाई मी," सुमन म्हणायची. "हात लावून बघा की. गार हाय."

"मी हात लावत न्हाई," मालक म्हणायचे.

"मोजं घालून लावा."

"मोजं घातल्यावर गार-गरम कळत न्हाई, बाई. रबर हाय ते."

असं ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते. एवढं बोलूनही त्यांच्या डोक्यात उजेड पडला नाही, ह्याचा मला अजून राग येतो.

वैशाखात एका संध्याकाळी मालकांनी ओळीत सांगून टाकलं, "ह्या बाई आल्या आन् खटका पडाय लागला. एक तर इस्त्री इकून टाका, न्हाईतर म्हैनाअखेर खोली खाली करा."

सुमन त्या दिवशी उलटून काही बोलली नाही. इस्त्री विकली तर खायचं काय, आणि खोली सोडली तर दुसरी देतंय कोण? मुलीची शाळा इथली. आत गेल्यावर मी तिच्याकडं गेले, तर ती दुसऱ्या दिवशीचे कपडे पाणी शिंपडून गुंडाळून ठेवत होती. मला म्हणाली, "वैनी, तासगावकडं माझी आत्या हाय. पर तितं लाईट न्हाई." एवढंच.

त्यानंतर दोनचार दिवसांतली गोष्ट. मी अंगणात सांडगे घातले होते आणि दोरीवर लुगडं वाळत होतं. दुपार कलती झाली होती. वावटळ आली आणि लुगडं उडून फाटकाकडं गेलं, ते नेमकं खटक्याच्या पेटीच्या कडीत अडकलं. मालक बघत नाहीत असं पाहून मी धावले आणि लुगडं ओढलं. हाताची पाठ पेटीच्या झाकणाला लागली. असा चटका बसला, जसा तव्याला लागावा. हात लाल झाला.

सुमननं खोबरेल तेल लावलं. "कशानं भाजलं?"

"पेटीनं."

"पेटीला करंट आलाय?"

"करंट नाही. तापलीय नुसती. दुपार कलली की ऊन तिच्यावरच असतं ना."

सुमनचा तेलाचा हात थांबला. ती सगळा दिवस इस्त्री हाताळणारी बाई. म्हणाली, "वैनी, मालक काय सांगत हुतं? आतली पट्टी तापली की खटका पडतो. आता त्या पट्टीला काय कळतंय, ईज हाय का ऊन हाय?"

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. हिवाळ्यात खटका पडत नव्हता. दुपारी पडत नव्हता, कारण ऊन त्या भिंतीवर यायच्या आत सुमनची इस्त्री निवलेली असायची आणि दिवे अजून लागायचे असायचे. संध्याकाळी पेटी तापलेली असायची आणि त्यात सगळ्यांचे दिवे लागायचे. आणि विचारपूस होईपर्यंत पेटी निवायची, म्हणून खटका परत बसायचा. मालकांना वाटायचं, आपल्या ओरडण्यानं बसला. पेटी पुसायची पहाटे, गारव्यात. खटका वर करायचा तो रबरी मोज्यांनी. ती पेटी तापते हे सगळ्या माधवनगरात ज्या एका माणसाला कळायला पाहिजे, त्यालाच ते कळायची सोय नव्हती.

"सांग तू त्यांना," मी म्हटलं.

"मी सांगितलं तर म्हणत्याल, खोली वाचवाय बोलतीया. तुमी सांगा. तुमी कवा बोलत न्हाईसा, म्हणून तुमचं ऐकत्याल."

"मला नाही जमणार गं."

"मग मी तासगावला जाते," सुमन म्हणाली. रागानं नाही. खरंच म्हणाली.

त्या संध्याकाळी खटका पडला, शिट्टी झाली. हे दुसऱ्या पाळीला. मी सुमनच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझी पाळी आली.

"एक दिवा," मी म्हटलं. मग म्हटलं, "पेटी उन्हानं तापतीय. त्यानं खटका पडतोय. इस्त्रीनं नाही."

हे बहुतेक मागच्या भिंतीलासुद्धा ऐकू गेलं असेल.

मालक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "पेटी तापतीया हे तुमाला कसं कळलं?"

"हात लागला."

"हात लागला! मोज्याबिगर?"

"माझ्याकडं मोजे नाहीत."

मग जे सुरू झालं ते लिहायचा मला आजही कंटाळा येतो. हुकूम असताना हात लावलाच कसा, ओला होता का कोरडा, पायात चप्पल होती का, खाली पाट होता का. मी एवढं मोठं सांगितलं होतं आणि मालक पाटाचं विचारत होते!

शेवटी सुमनच म्हणाली, "आवं मालक, वैनी जित्या हायत्या. त्यांचं मागनं बगा. आदी पेटीला हात लावा."

"मी मोज्याबिगर लावत न्हाई. नेम हाय."

"आन् मोजं घातल्यावर कळत न्हाई."

"न्हाई कळत."

"मग कसं करायचं?"

मालकांनी एकदा पेटीकडं बघितलं, एकदा मोज्यांकडं. मग मालक म्हणाले, "उद्या बघू. डिसमिस." आणि खोलीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ऊन फाटकावर आलं तसे मालक मोठी काळी छत्री घेऊन बाहेर आले. भिंतीजवळ पाट ठेवला. मोजे घातले. पाटावर उभे राहून छत्री उघडली आणि पेटीवर धरली. स्वतःवर नाही, पेटीवर. आणि तसेच उभे राहिले, ताठ. वैशाखातलं ऊन, कोपरापर्यंत रबर. घामाचे ओघळ मोज्यात शिरताना दिसत होते.

पाळी सुटल्यावर मिलचे लोक रस्त्यानं जायला लागले. "काय मालक, पाऊस कुठं हाय?"

"ड्यूटीवर हाय. बोलायचं न्हाई."

मला आतून बघवेना. अशानं हा माणूस उन्हानं चक्कर येऊन पडेल आणि ते माझ्या बोलण्यावर जाईल, असं झालं. छत्री बांधून ठेवली असती तरी चाललं असतं. भिंतीला एक फळी ठोकली असती तरी चाललं असतं. पण नाही. तपासायचं म्हणजे जातीनं उभं राहून. शेवटी सुमन तांब्याभर ताक घेऊन गेली.

"घ्या. मला घालवायच्या आदी तुमीच चाललाय जणू."

मालकांनी छत्री एका हातात धरून ताक प्यायलं. मोजा काढला नाही.

दिवेलागण झाली. मालकांनी शिट्टी वाजवून सांगितलं, सगळ्यांनी सगळं लावा. दिवे लागले. पंखे फिरले. रेडिओ सुरू झाला. मालक सुमनकडं वळले. "बाई, इस्त्री लावा."

"लावू?"

"हुकूम हाय."

सुमननं दारातच इस्त्री लावली आणि साहेबाची एक विजार घेऊन बसली. आम्ही सगळे भिंतीकडं बघत उभे. विजारीचे दोन्ही पाय झाले. खटका जागचा हलला नाही. कारकुनांना एवढा आनंद झाला की ते म्हणाले, "मालक, माझी शेगडी पण लावून बघू का?"

"ती लावली तर पडंल," मालक म्हणाले, "आन् पडायलाच पायजे."

मग पहिल्यांदाच आमची ओळ उजेडात उभी राहिली. प्रत्येकानं आपापलं सांगितलं. सुमननं "एक दिवा, एक इस्त्री" असं ठणकावून सांगितलं. सगळ्यांचं झाल्यावर मालक ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि समोर बघत मोठ्यानं म्हणाले, "काळी पेटी. मावळतीची भिंत. जिम्मेदार मी."

ते छत्री उचलून आत गेले.

"सॉरी म्हणाले नाहीत तुला," मी सुमनला म्हटलं. मला अजून राग होता.

"म्हणले की," सुमन म्हणाली. "टाचा जुळवल्या न्हवं." आणि पुढच्या विजारीवर पाणी शिंपडायला लागली. डोळे पदरानं पुसले ते वाफेनं, असं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं पीठ मळत होते. दारात खाकरल्याचा आवाज आला. मालक उभे होते. एका हातात छिन्नी-हातोडी, दुसऱ्या हातात पाट.

"वैनी, तुमचं बरोबर हाय. पेटीला सावली पायजे. मी सगळ्या भिंती तपासल्या. ऊन अजिबात न लागणारी, कोरडी आन् गार भिंत सगळ्या खोल्यांत एकच हाय."

मी वळून बघितलं. ती माझ्या चुलीशेजारची होती. ऊन तिला नव्हतं, पण दोन्ही वेळची धग होती, आणि मोज्यांतून ती मालकांना कळली नसावी. म्हणजे ह्यापुढं खटका पडला की सगळ्या खोल्यांची ओळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहणार आणि मोठ्यानं बोलणार.

मालकांनी पाट ठेवला, मोजे घातले आणि पहिला घाव घातला. चुन्याचा पोपडा उडून माझ्या परातीत पडला. पलीकडून सुमनच्या हसण्याचा आवाज आला, इस्त्री खाली ठेवून हसत असावी. "बोला की वैनी, सांगा त्यांना!" ती ओरडली.

मी पोपडा काढून बाजूला ठेवला आणि पीठ मळत राहिले. काही बोलले नाही. एकदा बोलून बघितलं होतं.